पाणी कमी आलं त्या वर्षी

मी एक जुनी शिडी आहे. माझी मधली पायरी चिरली आहे, खालच्या पायऱ्या पाण्याने काळ्या पडल्या आहेत. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. मी अजून उभी आहे आणि माझ्यावरून माणसं अजून चढतात.

कंबोडियातल्या तोनले साप सरोवराच्या काठी, उंच खांबांवरच्या घराला सोफालने मला जोडलं, तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. पायऱ्यांची संख्या विषम असली तरच शुभ, म्हणून त्याने त्या पुन्हा पुन्हा मोजल्या. बायकोच्या, रोमदुओलच्या पायात कुसळ जाऊ नये म्हणून मला घासून घासून गुळगुळीत केलं. उन्हाळ्यात माझ्याखाली धूळ उडते, डुकरं लोळतात. पावसात सरोवर फुगतं, एकेक पायरी गिळत वर येतं आणि होडी थेट दाराला लागते. मग पाणी उतरतं, आणि रोमदुओल कुरकुरत माझ्यावरचा चिखल खरवडते.

कनिथा त्यांची थोरली. लहानपणी ती तापातून उठली, पण डावा पाय लुळा राहिला. तेव्हापासून ती आईच्या कडेवर बसूनच खाली जायची. तिला पूर फार आवडे. पाणी वर चढलं की भाजीची होडी, बदकं, शेजारची पोरं, सगळं तिच्या दाराशी यायचं. माझ्या वरच्या पायरीवर बसून ती पाण्यात पाय सोडायची, आणि तिथे दोन्ही पाय सारखेच हलायचे.

तिचं शाळेत नाव घातलं त्याच वर्षी धाकटा भाऊ पिसेथ जन्मला आणि आईची कडेवरची जागा गेली. आणि त्याच वर्षी पाणी कमी आलं. माझ्या खालच्या दोन-चार पायऱ्या भिजल्या, पुढे ते चढेचना. शाळेची होडी खाली येऊन थांबली. कनिथा वर.

"बसू दे वरच," सोफालची बहीण, सारेत आत्या म्हणाली. ती तांदूळ निवडत बसली होती. "वरून काय कमी दिसतं? आणि शिकून कुठे धावायला जायचंय?"

खालून एक पोरगा ओरडला, "कनिथा, येतेस की बादलीतून पाणी वर पाठवू?"

"बादली राहू दे. माझी जागा धर!" कनिथा म्हणाली, आणि माझ्यावर बसली.

बसल्या बसल्या ती एक पायरी उतरली. मग दुसरी. लुळा पाय हाताने उचलायची, पुढच्या पायरीवर ठेवायची आणि मागून स्वतः घसरायची.

"पडशील गं! वर हो!" आत्या किंचाळली.

"वर यायला आधी खाली तर जाऊ दे!"

सोफाल हातातलं जाळं तिथेच टाकून धावत आला आणि गुडघाभर पाण्यात हात पसरून उभा राहिला. तेवढ्यात शेवाळलेल्या पायरीवरून ती सटकली. मित्रांनो, मला हात नाहीत. मी फक्त तिथे होते. तिने माझी कड दोन्ही हातांनी पकडली, कोपर सोलवटलं, आणि ती लोंबकळत राहिली. सोफाल पुढे झाला.

"अहो, हात मागे घ्या," वरून रोमदुओल म्हणाली. कुशीत बाळ होतं. "तिने मागितले तर द्या."

कनिथाने मागितले नाहीत. दात-ओठ खात तिने चांगला पाय टेकला आणि उरलेल्या पायऱ्या उतरली. झगा चिखलाने माखला होता. होडीत बसताना त्या पोराला म्हणाली, "सरक की. जागा धरायला सांगितलं होतं, पसरायला नाही."

दुसऱ्या दिवशी सोफालने माझ्या कडेला जाड दोर बांधला. "माझ्यासाठी आहे असं सांगू नका हं, बाबा," कनिथा म्हणाली. "आत्यालाही धाप लागते." आत्या नाक मुरडायची, पण चढताना दोर धरायची.

आता घरापुढे सिमेंटचा जिना आहे. पाहुणे तिकडून येतात. मला मागे, चुलीच्या बाजूला लावलंय. ओल लागते, कुणी फारसं बघत नाही. कनिथा मोठी झाली. शाळेची होडी आता तीच वल्हवते. तिच्या दंडांत गावातल्या कुणापेक्षाही जोर आहे. तिची धाकटी मुलगी हल्ली माझ्यावर चढते. काल तिसऱ्या पायरीवर थांबून रडली. तिचा बाप धावला. कनिथा चुलीपाशी मासे भाजत होती, तिने त्याला नजरेनेच थांबवलं. पोरगी रडत रडत चौथीवर चढली.

मित्रांनो, माझी चिरलेली पायरी बदला, खिळे ठोका, शेवाळ घासून काढा. ते तुमचं काम आहे, आणि ते तुम्ही टाळता. पण लेकरू चढायला लागलं की त्याला उचलू नका. जवळ उभे राहा. चढायचं काम त्याचं आहे.