हिंदुराव मिस्त्रींचा जिवंत फोटो

रंगूबाईंनी अडकित्ता नवऱ्याच्या नाकासमोर धरला आणि मोकळाच दाबला. खट्!

"मिटलं," त्या म्हणाल्या.

"मिटलं न्हाईत. पापनी हालली निस्ती."

"पापनी हालली म्हंजी मिटलंच की! शालूबाई, तुमी सांगा."

शेजारच्या शालूबाई सकाळपासून जोत्यावर पंच म्हणून बसल्या होत्या. "मिटलं," त्यांनी निकाल दिला. "आवं मिस्त्री, कोंबडीबी एवढं मिटत न्हाई."

हिंदुराव हे आष्ट्यातले इंजिन-मिस्त्री. विहिरीवरचं ऑइल इंजिन बसलं की शेतकरी एकीकडे देवाला नवस बोलत आणि दुसरीकडे हिंदुरावांना सांगावा धाडत. जो आधी पावेल तो आपला. हिंदुरावांची रीत ठरलेली. हँडल मारायला लावायचं, इंजिन खोकलं की डोळे मिटायचे आणि ऐकायचं. तीस वर्षं हाच उद्योग केल्यामुळे कुठल्याही यंत्राचा आवाज झाला की त्यांच्या पापण्या आपोआप खाली येत. एस.टी.त बसले तर आष्टा ते सांगली त्यांना रस्ता म्हणून दिसत नसे.

आणि दुर्दैवानं कॅमेरा हेही एक यंत्र.

थोरल्या लेकीच्या लग्नात जो एकमेव फोटो निघाला, त्यात साऱ्या वऱ्हाडानं कॅमेऱ्याकडे पाहिलं होतं. हिंदुरावांनी तो ऐकला होता. रंगूबाई त्यात नव्हत्याच. भात कमी पडतोय की काय, हे बघायला त्या मागच्या दारी गेल्या होत्या. धाकटा ज्ञानू पलटणीत भरती झाला, तेव्हा पेटीत तोच फोटो घालून घेऊन गेला.

तिथवर ठीक होतं. पण गेल्या आठवड्यात ज्ञानूच्या पलटणीतला, तासगावकडचा नाथाजी सुट्टीवर आला आणि मुद्दाम वाट वाकडी करून आष्ट्याला उतरला. चहा पिता पिता म्हणाला, "काका, रागावू नगा. पन तिकडं एका भय्यानं तुमच्या फोटूफुडं उदबत्ती लावली."

"का म्हून?"

"डोळं झाकल्यात न्हवं. आमी सगळ्यांनी पाया पडून घेतलं. ज्ञानू वरडतोय, आरं जित्ता हाय माझा बा! कोन ऐकतंय? सुभेदारसायबांनी पाठीवर हात ठिवला त्याच्या."

ज्ञानूची रजा रद्द झाली होती. सरहद्दीवर पुढे कुठंतरी जायचं होतं, कुठं ते नाथाजीनं सांगितलं नाही. निरोप तेवढा सांगितला. 'बाचा डोळं उघडं आसल्याला फोटू घिऊन ये. आन संगं आईबी बसू दे. तिचा तर एकबी न्हाई माझ्यापाशी.' रविवारी संध्याकाळी मिरजेहून नाथाजीची गाडी होती. फोटो गेला तर तिच्यातूनच जाणार होता.

झालं. गल्लीला काम मिळालं. कुणी म्हणालं डोळ्यांत लोणी घाला, कुणी म्हणालं सूर्याकडे बघत बसा. बिराप्पा धनगरानं सांगितलं की मेंढरासारखं बघावं, मेंढरू लवकर डोळं मिटत नाही. ते हिंदुरावांनी करूनही पाहिलं. रंगूबाईंनी लेकीच्या लग्नातलं इरकली लुगडं काढलं, शालूबाईंची नथ मागून आणली आणि ती नाकात अडकवून रात्रभर उताण्या झोपल्या. सवय व्हावी म्हणून.

रविवारी पहिल्या एस.टी.नं दोघं सांगलीला आले. बसमध्ये अर्थातच हिंदुरावांचे डोळे मिटले होते. "झोपा, झोपा," रंगूबाई म्हणाल्या, "काय मिटायचं त्ये आत्ताच मिटून घ्या."

फोटोवाले नानासो हे गंभीर गृहस्थ. त्यांचा निम्मा धंदा माणूस गेल्यावर घरी जाऊन, त्याला खुर्चीत नीट बसवून फोटो काढण्याचा होता. ती गिऱ्हाइकं हलत नसत, त्यामुळे हलणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

"फिल्म दोनच आहेत," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "चीनच्या लढाईपासून माल येतोय कुठं? आणि एक दिवा गेलाय. झाकण जरा जास्त वेळ उघडं राहणार. हलायचं नाही, बोलायचं नाही, श्वाससुद्धा धरून ठेवायचा."

"हाललं तर काय हुतंय वो?" रंगूबाईंनी विचारलं.

"तोंड पुसल्यासारखं येतं."

मागे रंगवलेला राजवाडा, त्याच्या पायऱ्यांवर एक मोर. पुढे दोन खुर्च्या. नवऱ्याच्या शेजारी खुर्चीवर बसायची रंगूबाईंची ही पहिलीच वेळ. त्या इतक्या टोकावर बसल्या की खुर्चीला पत्ताच लागला नाही. नानासोंनी दोघांच्या तोंडाला पावडर लावली. हिंदुरावांनी छातीत हवा भरली, मेंढराला आठवलं. नानासोंनी काळ्या फडक्यात डोकं घातलं, बाहेर काढलं, रबरी फुगा दाबला.

खट्!

"मिटले," नानासो म्हणाले. त्यांच्या आवाजात धंद्याची ओळख होती.

हिंदुरावांच्या कपाळावर घाम आला. पावडरीचे ओघळ झाले. "आगं, आवाज आला की जातंय बग. माझ्या हातात न्हाई त्ये." मग त्यांना एकदम युक्ती सुचली. टेबलावर पावडर लावायचा कापूस होता. त्याचे दोन बोळे करून त्यांनी कानांत घातले आणि प्रसन्न चेहऱ्यानं खुर्चीवर येऊन बसले.

रंगूबाई किंचाळल्या. "काडा! आदी काडा त्यो कापूस! आवं, काय आवतार ह्यो! आता उदबत्ती न्हाई, सगळी पलटन खांदा द्याया यील!"

नानासोंनीही फडक्यातून डोकं काढून मान हलवली. दिसत होतं तसंच.

कापूस निघाला. उरली एक फिल्म. हिंदुराव गुडघ्यांवर हात ठेवून बसले. रंगूबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. नथ सरळ केली, पदर सारखा केला.

"तयार?" नानासोंनी फुगा हातात घेतला. "श्वास धरा."

"ती म्हस," रंगूबाई समोर बघत म्हणाल्या, "काल म्या इकली."

"आँ?"

"इकली म्हंते की! तुमी नगं म्हनला तरीबी. आन आता माझ्या मनात हाय की त्या पैशानं—"

खट्!

हिंदुरावांचे डोळे बटाट्याएवढे उघडे होते.

"आले!" नानासो आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असावेत. "उघडे आले!"

"म्हस इकली?" हिंदुराव.

"कुटली इकतीय! गोठ्यात हाय. चला उठा."

दुपारभर ते दुकानाच्या पायरीवर वाट बघत बसले. हिंदुराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, आवाज आला पन म्या मिटलं न्हाई बगा. चार वाजता नानासो ओला फोटो चिमटीत धरून बाहेर आले.

"जित्ता!" हिंदुराव रस्त्यात ओरडले. "आगं बग, जित्ता हाय की म्या!"

खरंच होते. छाती पुढे, मिशा ताठ, डोळे कुणाचीही उलटतपासणी घ्यायला तयार. शेजारच्या खुर्चीवर इरकली लुगडं होतं, काठ न् काठ स्वच्छ, मांडीवर दोन हात होते, बांगड्या मोजून घ्याव्यात अशा. वर, पदराच्या आत, तोंडाच्या जागी धुरळा होता.

हिंदुरावांनी फोटो उजेडाकडे तिरका करून पाहिला. नानासो म्हणाले, "बाई, मी सांगितलं होतं हलायचं नाही."

"व्हय, सांगितलं हुतं," रंगूबाई म्हणाल्या. "चला, गाडी चुकंल."

मिरजेच्या फलाटावर नाथाजी खिडकीत बसला होता. त्यानं फोटो हातात घेतला. "काका, झ्याक! फौजदार दिसताय नुसतं!" मग त्याची नजर बाजूला सरकली आणि त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"त्ये राहू दे," रंगूबाई म्हणाल्या. "नाथाजी, तू मला बगून घे. ज्ञानू इचारील, तवा सांगाया."

नाथाजी संकोचून बुटांकडे बघू लागला.

"खाली काय बगतूस? वर बग रं. दोन दात पडल्यात त्ये सांगू नगंस. बाकी हाय तसं सांग."

त्या खिडकीपासून दोन पावलं मागे सरल्या, दिव्याखाली. डोक्यावरचा पदर थोडा मागे घेतला. हात पोटाशी जुळवले. एक हमाल बोजा घेऊन "बाजूला व्हा, मावशी" म्हणत आला. हिंदुरावांनी त्याला हातानं थोपवून दुसरीकडून काढलं. नाथाजी खिडकीत ताठ झाला आणि सरळ बघू लागला. गाडी हलली. रंगूबाईंनी श्वास धरून ठेवला होता.