तिसरी खोली

नौपाड्यातल्या मुलींच्या शाळेत सुमती प्रधान मुख्याध्यापिका होऊन पाच वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्यांनी दोनदा खोली बदलली. पहिलीत ओल येते म्हणाल्या, दुसरीत गोंगाट. खरं कारण शुभदा कर्णिक, आधीची मुख्याध्यापिका. दुपारी शाळा सुटली की ती केस मोकळे सोडून खिडकीशी पाठमोरी उभी दिसायची. तिसऱ्या खोलीतही.

एकोणपन्नास साली शुभदाबाईंचं नाव शाळेच्या कारकुनाशी जोडणारं एक निनावी पत्र शाळेच्या मंडळाकडे गेलं. चौकशी न करताच त्यांना काढलं. वर्षभरात आंबिवलीला, भावाच्या घरी, त्या वारल्या. पत्र तेव्हा त्याच शाळेत शिक्षिका असलेल्या सुमतीबाईंनी लिहिलं होतं. सगळंच खोटं.

चौपन्न साली मॅट्रिकच्या वर्गाला त्या चीनचा इतिहास सांगत होत्या. स्वतःच्या नावाने सम्राट म्हणून गादीवर बसलेली एकच बाई, वू झेत्यान. तिने राज्य चांगलं चालवलं. पण वर चढताना आड आलेल्या दोन राण्यांना हालहाल करून मारलं, असं जुने बखरकार लिहितात. मग त्या दोघी तिला केस विस्कटलेल्या दिसायला लागल्या. तिने महाल बदलला, तिथेही आल्या. शेवटी राजधानी सोडून ती दुसऱ्या शहरात राहायला गेली.

पहिल्या बाकावरच्या रतनने विचारलं, "बाई, ती त्यांच्याशी कधी बोलली का?"

"नाही गं. तसं कुठे लिहिलेलं नाही," सुमतीबाई म्हणाल्या आणि मध्येच तास थांबवून बाहेर पडल्या.

रविवारी त्या आंबिवलीला गेल्या. शुभदाचा भाऊ मधु ओटीवर बसला होता. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," मधु म्हणाला. "मंडळाने पत्र दाखवलं तेव्हाच ताईने अक्षर ओळखलं होतं."

"मग बोलली का नाही ती?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, सुमती गेली तर शाळा कोण सांभाळणार? दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."



दुसऱ्या दिवशी सुमतीबाईंनी मंडळाला खरं लिहून दिलं आणि राजीनामा जोडला. "झालं गेलं, आता कशाला उकरता बाई?" म्हणत मंडळाने राजीनाम्याला प्रकृतीचं कारण लावलं आणि निरोप समारंभ ठरवला. समारंभात अध्यक्ष शाल घेऊन पुढे आले. सुमतीबाईंनी ती घेतली नाही. मुलींकडे वळून त्यांनी ते जुनं पत्र शब्दन् शब्द म्हणून दाखवलं, आणि ते कुणी लिहिलं तेही सांगितलं.