सगळ्या मेंढ्या मारल्या

मोबाइलवरचा तो गेम मुलांना चालेल की नाही, हे पालकसभेत सांगायचं काम शाळेनं चंदनावर टाकलं आणि तिची मान ताठ झाली. गेम तसा गरीब. कोरी जमीन मिळते, तिच्यावर ठोकळे रचत पोरांनी आपलं जग उभं करायचं. चंदनानं चार दिवस लेकीच्या, आदितीच्या शेजारी बसून तो पाहिला. आदितीनं वर्षभर खपून त्यात गाव वसवलं होतं. तळं होतं, मंदिर होतं, मेंढ्यांचा कळप होता. पप्पा कागलच्या एमआयडीसीतून लवकर घरी पोचावेत म्हणून एकही सिग्नल नसलेला रस्ता होता. चंदनाला ते मनापासून आवडलं. कागदावर ‘चालेल’ असं लिहूनही झालं.

जैनांचं दशलक्षण पर्व सुरू होतं. चंदनाचं दहाही दिवस एकवेळचं जेवण. चेहऱ्यावर शांती आणि पोटात वणवा. सभेच्या आदल्या दुपारी आदिती मोबाइल घेऊन गॅलरीत उभी होती आणि शेजारच्या गॅलरीतल्या राजनंदिनीला ओरडून सांगत होती, "सगळ्या मेंढ्या मारल्या की गं! एक बी सोडली न्हाय!"

चंदनाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. या घरात मुंगीलाही फुंकर घालून बाजूला करतात. आणि ऐन पर्वात पोटची पोर मेंढ्या मारून वर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतेय! तिनं मोबाइल हिसकावला आणि पुसायचं बटण दाबलं. ‘हे जग कायमचं पुसायचं का?’ असं गेमनं विचारलं. विचारायची तेवढी सभ्यता गेमकडे होती, चंदनाकडे नव्हती. तिनं ‘हो’ दाबलं.

"जैनाची पोर हाईस न्हवं तू? मेंढ्या मारतीस?"

आदितीनं आधी मम्मीच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. मग म्हणाली, "रंग मारला, मम्मी. गुलाबी."

"व्हय की काकू," पलीकडून राजनंदिनी म्हणाली, "रंगच मारलेला. सकाळपासनं त्येच करतीया ती."

कोल्हापुरात रंग लावत नाहीत, मारतात. भिंतीला मारतात, गेटला मारतात, बैलाच्या शिंगांनाही मारतात. चंदनाला हे ठाऊक नव्हतं थोडंच! ‘हॉलला रंग मारून घ्या’ म्हणून गेल्या दिवाळीत तिनंच नवऱ्याचं, धनपालचं डोकं खाल्लं होतं. चूक झाली एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण शेजारची पोर टकमक बघत होती, आणि चंदनाला पोरींसमोर पडतं घ्यायची सवय नव्हती.

"रंग असू दे न्हाईतर काय बी असू दे. डोळं बिघडत्यात त्यानं," असं म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सभेत तिनं मेंढ्यांची गोष्ट सांगितली, पण ‘मारल्या’पर्यंतच. रंगापर्यंत ती गेलीच नाही. ‘हा गेम मुलांना हिंसा शिकवतो’ म्हटल्यावर टाळ्या पडल्या. संध्याकाळपर्यंत वर्गातल्या बहुतेक घरांतून गेम गेला, राजनंदिनीच्याही. तेव्हापासून राजनंदिनी गॅलरीत यायची बंद झाली. आदिती रडली नाही, भांडली नाही. मुकाट्यानं गृहपाठ करू लागली. ‘बघा, किती फरक पडला,’ असं चंदना येईल-जाईल त्याला सांगायची, आणि सांगताना तिला स्वतःचाच राग यायचा.

पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. जाणता-अजाणता दुखावलं असेल तर माफ करा, असं चंदनानं मोबाइलवरून दोनेकशे लोकांना कळवलं. सासूच्या पाया पडली. दूध घालायला आलेल्या बाळासोंनाही हात जोडले. ते बिचारे गडबडून गेले. आदितीच्या खोलीच्या दारापर्यंत ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा काहीतरी काम आठवल्यासारखं करून परतली.

शेवटी आदितीच स्वयंपाकघरात आली. अंघोळ करून, वेणी घालून. पाठशाळेत शिकवल्याप्रमाणे तिनं हात जोडले.

"मम्मी, माझं काय चुकलं असलं तर क्षमा कर."

आता बोलावं, हीच वेळ आहे, हे चंदनाला लख्ख कळत होतं. लाजेनं तिचे कान तापले होते.

"केली हं बाळा," ती म्हणाली.