चिकपेटचे पाहुणे

मी एक फिरकीचा तांब्या. पुण्याच्या तांबट आळीत ठोके खाऊन घडलो. प्रवासात पाणी सांडू नये म्हणून माझ्या तोंडावर फिरवून बसवायचं झाकण आहे. सत्तावन्न साली प्रेमा लग्न होऊन बेंगळूरला निघाली, तेव्हा तिच्या आईनं मला भरून तिच्या हाती दिलं. गाडीत ती रडायची, मग घोटभर पाणी प्यायची, पुन्हा रडायची.

सासर चिकपेटमध्ये, बेंगळूरच्या ऐन मध्यातल्या जुन्या पेठेत. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेली माणसं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. नवरा प्राणेश कारखान्यात पाळीवर जायचा. सासू नव्हती. घरात दिवसभर सासरे गुरुराज, कापडाच्या दुकानातून नुकतेच मोकळे झालेले.

शेजारणींचं बोलणं प्रेमाला कळेना. जेवणावरून तिचं मन उडालं. दिवाळीला भाऊ अरविंद यायचा होता. त्याच्याबरोबर जायचं ते परत न येण्यासाठी, असं तिनं ठरवलं होतं. मला घासताना ती हे पुटपुटली, म्हणून मला ठाऊक.

गुरुराजांना तिचं उतरलेलं तोंड दिसत होतं. एका रविवारी ते म्हणाले, चल, तुला गाव दाखवतो. खरं तर गाव त्यांनी स्वतःच कुठं पाहिलं होतं? घर, दुकान आणि मठ यांतच त्यांचा जन्म गेला होता.

मला पिशवीत घेऊन निघाले आणि लालबागेत वाट चुकले. शेंगा विकणाऱ्या बाईला रस्ता विचारला, तर तिनंच विचारलं, कुठल्या गावाहून आलात?

गुरुराज लाजून म्हणाले, "चिकपेट."

प्रेमा खुदकन हसली. या घरात आल्यापासून मी तिचं हसू प्रथमच ऐकलं.

मग दर रविवारी पिशवीत मी आणि डब्यात चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात. बसवनगुडीचा मोठा नंदी झाला, अलसूरचं देऊळ झालं. नव्याकोऱ्या विधानसौधासमोर तर दोघंही मान दुखेपर्यंत वर बघत उभे राहिले. परतताना गुरुराज तिला कन्नड शब्द शिकवत, आणि ती त्यांचं मराठी सुधारत असे. दोघांनाही एकमेकांचं हसू येई.

दसऱ्यानंतर ते लालबागेतल्या खडकावर चढले. अर्ध्यावर गुरुराजांना घेरी आली. ते मटकन बसले. मी त्यांच्या हातून सुटलो, घरंगळलो, अंगाला पोचा पडला; पण झाकण निघालं नाही. प्रेमानं मला उचललं, त्यांच्या तोंडाला पाणी लावलं आणि चपला तिथंच टाकून खाली माळ्यांकडे धावली. "बन्नी, बेग बन्नी," लवकर या, असं ती कन्नडमध्ये ओरडत होती. शब्द अडले तिथं हातांनी सांगत होती. माळी आले, घोड्याचा जटका आला. तिनं त्यांना सुखरूप घरी आणलं.

डॉक्टरांनी चढण बंद केली. अंथरुणावरून गुरुराज तिला म्हणाले, "अरविंद आला की जा हो त्याच्यासंगं. तुझं मन इथं लागत नाही, मला दिसतंय. मीच गाव दाखवायला स्वल्प उशीर केला."

प्रेमानं त्यांचं पांघरूण नीट केलं.

अरविंद आला. निघायच्या दिवशी सकाळी त्यानं तिची ट्रंक उचलली, तर ती म्हणाली, "ट्रंक राहू दे, दादा. आधी आमचं गाव बघ."

जटक्यातून सगळे लालबागेत गेलो. गुरुराज आणि मी खडकाच्या पायथ्याशी सावलीत बसलो. वर प्रेमा हात लांब करून भावाला काहीतरी दाखवत होती.

"चिकपेट दाखवतेय," गुरुराज जटकेवाल्याला म्हणाले, आणि डोळे पुसून माझ्यातलं पाणी प्यायले.

अरविंद एकटाच परत गेला.

आता गुरुराज नाहीत. प्रेमाची मुलं सहलीला थर्मास नेतात, कारण माझ्या झाकणाचे आटे झिजलेत. फळीवर बसून मी त्यांची निघायची गडबड ऐकतो. बाळांनो, एकदा मलाही न्या. वाटेत थोडं गळेल, गळू दे. पोहोचेपर्यंत घोटभर उरतंच.