बांधातला मुठा

खांद्यापर्यंत हात बांधाच्या बिळात खुपसून तुळसा चिखलात आडवी पडली होती. आत बोटांना काहीतरी टणक लागलं, सरकलं, आणि करंगळीला असा चिमटा बसला की तिच्या तोंडून "अगं बाय!" निघालं. पण ते ओरडणं दुखण्याचं नव्हतं. तिने हात बाहेर ओढला तेव्हा करंगळीला तळहाताएवढा काळाभोर मुठा लोंबत होता.

शेतातला खेकडा. खडवलीच्या या शिवारात तो शेवटचा पाहिल्याला बारा-तेरा वर्षं तरी झाली असतील. पूर्वी लावणी आटोपली की घरोघरी मुठ्यांचा रस्सा व्हायचा. मग भातावर फवारे आले, दाणेदार औषधं आली, आणि मुठे कधी नाहीसे झाले ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. तीन वर्षांपूर्वी, नवरा गेल्यावर, तुळसाने आपल्या वाटणीच्या तुकड्यात हे सगळं बंद केलं. गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवायचा, शेणा-गोमूत्राचं जीवामृत सोडायचं, बस्स. पहिल्या साली भात निम्म्यावर आलं. गाव हसलं. पुढे जरा सुधारलं, तरी बांधापलीकडे औषधं मारणाऱ्या दिराची, पोपटची, बरोबरी काही झाली नाही. आत्ताही त्याचं शेत हिरवंकंच होतं आणि तिची रोपं पिवळसर, अंगाने बारीक.

मुठा टोपलीत टाकून ती उठते तोच पोपट तरातरा येताना दिसला.

"वयनी, माजा सगला पानी तुझ्यात उतरलाय! कालच युरिया टाकलेला, तोपन गेला!"

"पोपट, आधी हे बघ!" तिने टोपली त्याच्या नाकासमोर धरली.

पोपट थबकला. मग त्याचा चेहरा आणखी तापला.

"म्हंजे यांनीच बांध पोखरला. थांब, आत्ताच्या आत्ता बंदोबस्त करतो." त्याने बगलेतली औषधाची पिशवी काढली आणि दाताने तिचा कोपरा फाडायला घेतला.

तुळसाने त्याचं मनगट धरलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पोपट नऊ वर्षांचा होता. तो मोठा झाल्यावर तिने त्याला कधी असं धरलं नव्हतं.

"बिळात औषध नको टाकूस. तीन वर्सं वाट बघितलीय मी."

"आनि माजा भात सुकला तं?"

"हातानं काढू सगले. मग बांध लिंपू. दुपारपर्यंत होईल."

"हातानं? आता कुनाला येतंय ते?"

"तुला येत होतं. तुझ्या दादापेक्षा चांगलं."

पिशवी तशीच बांधावर ठेवून पोपटने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बिळापाशी बसला. पहिल्या खेपेला मुठ्याने त्याचा अंगठाच फोडला. त्याने एक सणसणीत शिवी घातली आणि स्वतःच खो खो हसत सुटला.

"पाठीवरनं दाबायचा रे, विसरलास?"

"गप गो, आठवला!"

दुसरा त्याने एका दमात काढला. मग दोघांना चेवच चढला. एक बीळ तिचं, एक त्याचं. कोणाचा मोठा, कोणाच्या नांग्या जाड, यावरून बांधावर आरडाओरडा सुरू झाला. तो ऐकून पोपटची बायको मालन घरातून धावत आली आणि चिखलाने माखलेल्या नवऱ्याकडे बघतच राहिली. मग तीही पदर खोचून टोपली सांभाळू लागली.

"परवा अमावास्या. आजच रस्सा करते," ती म्हणाली. "एकदा श्रावण लागला की म्हयनाभर कोन खानार?"

शेवटच्या बिळातून पोपटने काढली ती मादी होती. त्याने ती उलटी केली. पोटाखालच्या झडपेत मुगाएवढी पिल्लं वळवळत होती, शंभर तरी असतील. तिघंही वाकली.

"हिला सोड," तुळसा हळूच म्हणाली.

"ते काय सांगायला लागतंय?"

पोपट उठला. सवयीने तो आपल्या शेताकडे वळला, पाण्यापर्यंत वाकलाही. हात तसाच पाण्यावर थांबला. समोर त्याचं भात वाऱ्यावर डोलत होतं, सगळ्या शिवारात उठून दिसावं असं. थोड्या वेळाने तो सरळ झाला, बांध ओलांडून पलीकडे उतरला आणि तुळसाच्या पिवळसर रोपांमध्ये, पाला कुजत होता तिथे, त्याने मादी अलगद सोडली.

"आवो," मालन म्हणाली, "आपला शेत इकरं हाय!"

"ठाऊक हाय मना," पोपट म्हणाला, आणि बांध लिंपायला चिखलाचा गोळा उचलू लागला.