पुरसा

"मले दात आहेत ना वं अजून!" हाजराबी म्हणाल्या.

नीलमने हातातल्या वाटीकडे पाहिलं. पोळी वरणात कुस्करून तिने इतकी मऊ केली होती की बोटाला एक कण लागला नसता. चमचा हाजराबींच्या ओठांपाशी होता आणि तिचा डावा हात त्यांच्या हनुवटीखाली.

"चुकलं, खाला. दुसरी पोळी आणतो."

"ते फेकू नको. कोंबड्या खातीन."

हाजराबी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. बाकी त्या ठणठणीत होत्या. अकोल्यातल्या या घरी नीलमला येऊन थोडेच दिवस झाले होते. त्याआधी चार वर्षं ती अमरावतीला चतुराबाईंजवळ होती. लागोपाठच्या नापिकीत नांदगाव खंडेश्वरकडे मजुरी उरली नाही, तेव्हा ती घरी राहून पेशंट सांभाळायचं काम शिकली. चतुराबाई तिची पहिली पेशंट. लकव्याने त्यांची उजवी बाजू आणि बोलणं गेलं होतं. काही हवं असलं की त्या डाव्या हातातली बांगडी खाटेच्या दांडीवर वाजवत. एकदा वाजली म्हणजे पाणी. वाजतच राहिली म्हणजे काही नको, नुसती इथे बस.

दुपारी हाजराबींची सून शाहीन भांडी घासत होती. तिच्या बांगड्या नळावर आपटल्या आणि नीलम अंगणातून धावत आत आली.

"काय पाहिजे, खाला?"

"मी कुठी बोलावलं?"

नीलम दारातच थांबली. पाय आले होते. कशासाठी, ते तिला मागून कळलं. चतुराबाईंचा चेहरा तिला फारसा आठवत नसे. आठवे तो पावडरीचा वास, आणि कुशीवर वळवताना आपल्या मानेवर पडणारा त्यांचा हात. तो हात जड होता. आता मान उगाच हलकी वाटे.

संध्याकाळी तिने कामावर बाया पाठवणाऱ्या ब्युरोच्या पंजाबरावांना फोन लावला. चतुराबाई गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला इथे पाठवलं होतं.

"भाऊ, रविवारी तेरवी हाय अमरावतीले. एक दिवस बदली द्या."

"कोनाची तेरवी?"

"चतुराबाईची."

"ते तं पेशंट होती. तुह्या घरचं कोनी हाय का?"

"घरचं नाई."

"मंग? पेशंट गेला का सुटी, असं करा लागलो तं झालंच. अन् त्याइनं बोलावलं का तुले?"

नीलमने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पाह्य बाई," पंजाबराव जरा नरमाईने म्हणाले, "चांगलं घर भेटलं. मन लाव तिथं."

चतुराबाईंच्या घरच्यांनी बोलावलं नव्हतं. चतुराबाई गेल्या त्या दिवशी माणसं येत होती आणि पुढच्या खोलीत चतुराबाईंच्या मुलापाशी, खुशालरावांपाशी बसत होती. नीलम सगळ्यांना चहा देत होती. कप उचलताना खुशालराव तिला म्हणाले, "सुटली वं तू बी." चांगल्या मनानेच म्हणाले. मग कोणीतरी साखर मागितली.

फोन ठेवून नीलम हाजराबींच्या खोलीत आली आणि कोपऱ्यातल्या आपल्या अंथरुणावर बसली. हाजराबींनी फोनवरचं बोलणं ऐकलं होतं.

"कोन होती वं चतुराबाई?"

"माही पेशंट."

"गमी झाली, मानूस गेलं अन् मले सांगतलं नाई?"

"घरचं कोनी नव्हतं, खाला."

"हे त्या फोनवाल्याले सांग."

हाजराबींनी वॉकर जवळ ओढला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण कोणी धरल्याशिवाय नाही. नीलम झटकन उठली.

"बस खाली."

"पडसान, खाला!"

"बस म्हनलं ना. आमच्यात कोनाच्या दुःखात पुरसा द्याले आपन चालत जा लागते. दुःख ज्याचं, त्यानं उठाचं नसते."

नीलम बसली. हाजराबींनी वॉकर पुढे टेकवला, मग दुखरा पाय आणला, मग चांगला. पुन्हा वॉकर. नीलमचे हात पुढे जात होते. ती ते मांडीवर ओढून धरत होती. शाहीन दाराशी आली, "अम्मी!" म्हणाली आणि सासूचा चेहरा पाहून मागे फिरली. तिने खुर्ची आणून अंथरुणाशी ठेवली.

हाजराबी खुर्चीवर टेकल्या. त्यांना दम लागला होता. परक्या घरी गेल्यावर घेतात तसा त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला.

"बिमार होती?"

"हो. चार वर्सं."

"शेवटी जवळ कोन होतं?"

नीलमचा हात मानेकडे गेला.

"मी होती," ती म्हणाली. "मीच होती, खाला."

हाजराबींनी मान हलवली, आणि पुढचं ऐकायला त्या तशाच बसून राहिल्या.