सडकेकडचा धुरा

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हन्तेत. आता कायचा नवरा! टिकाराम. घ्या, घेतलं.

मी तोंडाची फटकळ, हे अख्ख्या कटंगीले ठाऊक. आमची पोरगी सीता आठ महिन्याची होऊन तापानं गेली. एवढं लेकरू जाळत नाहीत. टिकारामच्या वावरात, सडकेकडच्या धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली पुरलं तिले. महिनाही झाला नव्हता, आन् हा म्हने, "तूच ध्यान नाही देल्लं." झालं! मी लुगडी बांधली आन् भोजराजकडे, माह्या भावाकडे, निंगून आली.

मंग बालाघाटची कचेरी. आधी वेगळं राह्याचा हुकूम, मंग दोन वर्सं थांबा, मंग फारकतीचा अर्ज. शेवटच्या पेशीले, शेवटच्या तारखेले, सामानाची यादी निंगाली. माह्या बापानं लग्नात देल्लेला पान्याचा पितळी गुंड, परातीसारखे दोन कोपर, एक पलंग. त्याचा वकील उभा राहून म्हने, "साहब, गुंड तो हमारे घर का है."

माह्यं डोस्कंच सरकलं. "ठेवा बाप्पा, ठेवा! गुंडही ठेवा, पलंगही ठेवा. मले याचं काहीच नको. याच्या वावराची मातीसुद्धा नको!"

भोजराज माहा हात दाबत होता. कोन आयकते? साहेब बाबूले म्हने, "लिख लो." वकिलानं लगेच जोडून घेतलं, की ही बाई त्या वावरात कधी पाय ठेवनार नाही. बाबूनं वाचून दाखवलं. म्या तोऱ्यात अंगठा देल्ला.

अंगठ्याची शाई पुसतानी ध्यानात आलं. अवं माय! सीता त्याच मातीत हाय ना!

"साहेब, थांबा!" म्हनलं. तवर दुसऱ्याचा पुकारा झाला होता.

बाहेर टिकाराम चपला घालत होता. खाली पाहूनच म्हने, "तू येत जाय वं. तुले कोन अडवते?"

हौ म्हनाचं होतं, बस. पन मी म्हनलं, "तुह्या मेहेरबानीवर? थू!"

तुमसरची बस त्याच वावरापासून जाते; आता तिच्यात मी खिडकीपाशीच बसते. औंदा त्यानं सारे धुरे कोरून वावरात घेतले, तेवढा एक सोडला. मोहाखाली काट्याचं कुंपन केलं, ढोराचा पाय पडू नये म्हनून. सडकेकडून मातर वाट ठेवली, एका मानसाले जाता येईन एवढी.

मी उठून उभी राह्यते. कंडक्टर इचारते, "उतरना है क्या, बाई?"

मी नाही म्हन्ते, आन् तुमसर येईपावतर रडते.